एक क्रियापद आणि एक गाळलेली ओळ

माझं सगळं आयुष्य एका इंग्रजी क्रियापदावर निघालं. ते क्रियापद म्हणजे ‘गेट’. इंग्रजी पहिलीतल्या मुलालाही ते येतं, त्यामुळे त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. पण ज्या भाषेच्या पेपरानं मला मॅट्रिकला दोनदा आपटलं, त्याच भाषेतल्या तीन अक्षरांनी मला पंचवीस वर्षं भाकरी दिली, याचं मला अजून नवल वाटतं.

मी अर्जनवीस. कचेरीच्या आवारात झाडाखाली बसकर टाकून, पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी घेऊन जो बसतो आणि लोकांचं गाऱ्हाणं साहेबाच्या भाषेत कागदावर उतरवून देतो, तो अर्जनवीस. त्याला वकिलाची सनद नसते, पण परवाना असतो. तो दरसाल नवा करून घ्यावा लागतो आणि साहेबाची मर्जी फिरली की एका सहीनं जातो. ही परवान्याची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

अर्ज मराठीतही चालत. पण मराठी अर्ज आधी कारकुनाकडे जाई, तिथे त्याचं भाषांतर होई, तोवर तो दप्तराच्या कुठल्या तरी रुमालात बांधला जाई आणि पोळ्याला दिलेला अर्ज संक्रांतीला बाहेर निघे. इंग्रजी अर्ज थेट साहेबाच्या मेजावर पडतो, अशी लोकांची समजूत होती. ती अगदी खोटी नव्हती. म्हणून आमचा धंदा चाले.

हा धंदा मी धुळ्याला शिकलो. वय चोविसाचं, मॅट्रिक नापास, लग्न झालेलं. सासऱ्यांच्या ओळखीनं नाना नावाच्या एका म्हाताऱ्या अर्जनविसाजवळ बसू लागलो. नाना उंच, वाकलेले, कानावर टाक अडकवलेले. पांझरेच्या काठी त्यांचं घर होतं आणि तिथून कचेरीपर्यंत ते रोज चालत येत, वाटेत भेटेल त्याला ‘काय रे, काही मागायचंय का?’ असं विचारत. माणूस ‘नाही नाना’ म्हणाला तर ‘मग उद्या मागशील’ म्हणत.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “इंग्रजी किती येतं?”

मी खरं सांगितलं. “दोनदा नापास झालोय.”

“बरं झालं. पास झालेले लोक व्याकरणात अडकून बसतात.” असं म्हणून त्यांनी निळ्या कापडाच्या पुठ्ठ्याची वही माझ्यापुढे टाकली. वहीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच क्रियापद होतं. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला इंग्रजी. मिळणे, गेट. मिळवणे, गेट. होणे, गेट. पोचणे, गेट. आजारी पडणे, बरे होणे, म्हातारे होणे, लग्न होणे. उठणे, उतरणे, सुटणे, निसटणे, एखाद्याची ब्याद टळणे. कुणाकडून काम करवून घेणे. दिवस ढकलणे. प्रत्येकापुढे ‘गेट’ आणि त्याच्या शेपटाला लावायचा एखादा बारका शब्द.

“माणूस आपल्याकडे चारच गोष्टी सांगायला येतो,” नाना म्हणाले. “काहीतरी मिळत नाही. काहीतरी होऊन बसलंय. कुठेतरी जायचंय. नाहीतर कुणाकडून तरी काहीतरी करवून घ्यायचंय. चारींना हे एकच चालतं. बाकीची क्रियापदं म्हणजे पैठणी, सणाला नेसायची. हे रोजचं लुगडं.”

मला ते पटायला एक आठवडा लागला. त्या आठवड्यात दोन पोलीस शिपाई आले. एकाची बायको नंदुरबारला माहेरी होती, त्याला धुळ्याहून तिकडे बदली हवी होती. दुसरा नंदुरबारलाच होता. त्याची सासू सहा महिन्यांपूर्वी पाहुणी म्हणून आली होती ती परत गेलीच नव्हती, त्याला तिथून सुटायचं होतं. एकाला ‘पोचायचं’ होतं, दुसऱ्याला ‘निसटायचं’ होतं. नानांनी दोघांना एकच अर्ज लिहून दिला, फक्त नावं आणि गावं बदलली आणि क्रियापदाच्या शेपटाचा शब्द बदलला. दोघांच्या बदल्या एकाच हुकमानं झाल्या. धुळ्याचा नंदुरबारला, नंदुरबारचा धुळ्याला. नंदुरबारचा शिपाई पेढे घेऊन आला तेव्हा नानांनी विचारलं, “सासूबाई?”

“नाना, त्या बी धुळ्याले येतस म्हंतस,” तो पडेल आवाजात म्हणाला. ‘निसटणे’ या पानावर नानांनी त्या दिवशी पेन्सिलीनं एक बारीक फुली मारली.

नानांची दुसरी शिकवण होती ती अर्जाच्या डोक्याची आणि शेपटाची. सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी एक तास आम्ही रिकामे कागद घेऊन बसत असू. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर सुंदर अक्षरात, इंग्रजीत लिहायचं: अर्जदार अत्यंत गरीब, निराधार, दोन वेळच्या अन्नास महाग असून, आपल्या पायांशी शरण आला आहे. मग मधली जागा कोरी सोडायची आणि तळाशी लिहायचं: वरील मजकूर अर्जदारास त्याच्या भाषेत वाचून दाखवला, त्यास तो समजला व कबूल आहे. असे वीस-पंचवीस कागद तयार करून पेटीत ठेवले की दिवसभर फक्त मधलं भरायचं. गर्दीच्या दिवशी माणूस दहा मिनिटांत मोकळा होई. वाचून दाखवायला वेळ कोणाला होता? अंगठा उमटला की पुढचा.

“सगळेच गरीब कसे असतील, नाना?” मी एकदा विचारलं होतं.

“साहेबाच्या दारात उभा राहिलेला माणूस गरीबच असतो,” नाना म्हणाले. “आणि साहेबालाही तसं वाचायची सवय झालेली असते. ती ओळ नसली तर त्याला चुकल्यासारखं होतं.”

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन जळगावला वेगळी कचेरी आली होती. काही वर्षांनी माझा स्वतःचा परवाना निघाला तेव्हा मी तिकडे गेलो. निघताना नानांनी ती निळी वही माझ्या पिशवीत घातली. “माझी पाठ आहे,” म्हणाले. जळगावला कचेरीच्या आवारात एक मोठा निंब होता, त्याच्याखाली मी पेटी मांडली. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यावरून जाई, सरकीचा तेलकट वास येई, आणि दुपारी निंबोळ्या टपटप अर्जावर पडत. लोक मला ‘निंबखालचे भाऊ’ म्हणू लागले. ती वर्षं माझी फार सुखाची होती. आज डोळे मिटले तरी त्या झाडाची सावली कोणत्या वेळी कुठवर जाई ते मी सांगू शकतो.

तिथेच माझ्याकडे रहीमचाचा आले. ते कलईवाले होते. बाजाराजवळच्या एका मोकळ्या जागेत भाता लावायची परवानगी त्यांना माझ्याच अर्जावर मिळाली होती. महिन्याभरानं ते पुन्हा आले, डोक्याला नवा रुमाल बांधून.

“मुन्शीजी, अब की बार कुछ मांगना नई. साब को शुक्रिया लिखो.”

असा अर्ज मी कधी लिहिला नव्हता. मोठ्या हौसेनं मी पेटीतला एक तयार कागद काढला आणि मधल्या जागेत त्यांचे आभार भरले. पंधरा दिवसांनी कागद परत आला. कोपऱ्यात साहेबाच्या कारकुनाच्या अक्षरात एकच शब्द होता: नामंजूर. बिचाऱ्यानं माथ्यावरची ओळ वाचली असणार, मधलं कशाला वाचेल?

रहीमचाचा कागद उलटासुलटा करून बघत राहिले. “मेरा शुक्रिया भी नामंजूर?”

आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईतो हसलो. पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट चहा पिताना लोकांना सांगत असे. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. त्या माथ्यावरच्या ओळीत काय आहे ते त्या दिवशी मला दिसलं होतं आणि मी ते गंमत म्हणून ठेवून दिलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

कचेरीला लागून चहाचं एक दुकान होतं. तिथे दूध घालायला सोनाबाई नावाच्या एक बाई येत. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे बोली ठसठशीत अहिराणी. नवरा लवकर वारला होता, मूलबाळ नव्हतं. गावाच्या कडेला स्वतःचं दोन खणांचं घर, दोन म्हशी. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अक्का म्हणत असे. महायुद्धाच्या शेवटी जी तापाची साथ आली, तीत त्यांची बहीण आणि मेहुणे आठवड्याच्या आत गेले. मागे सहा वर्षांची मुलगी राहिली, यमुना. सोनाबाई बहिणीच्या यावलकडच्या गावी गेल्या आणि पोरीला कडेवर घेऊन आल्या. चुलता होता, पण त्या वेळी त्यानं ‘न्या’ म्हणून सांगितलं.

तीन वर्षं गेली. यमुना मावशीबरोबर दुधाचा लहान तांब्या घेऊन येई, चहाच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं मोठ्यानं लावून वाची. मावशीनं तिला मुलींच्या शाळेत घातलं होतं. मग एकाएकी चुलत्याला पुतणीची आठवण झाली. मुलीच्या बापाच्या नावावर विहिरीचं थोडं रान होतं, आणि मुलगी ज्याच्या घरात त्याच्याकडे त्या रानाची वहिवाट. शिवाय मुलगी नऊ वर्षांची झाली होती, चुलत्याच्या मेहुण्याकडे मुलगा होता. त्यानं वकील दिला आणि मुलगी आपल्या ताब्यात मागितली.

सोनाबाई माझ्याकडे आल्या तो बाजाराचा दिवस होता. माझ्यापुढे अकरा माणसं उकिडवी बसली होती.

“भाऊ, इतलंच लिखा,” त्या म्हणाल्या. “पोर मन्हाकडे शे, मन्हाकडे ऱ्हाऊ द्या. तिले काही कमी नही.”

“काळजी करू नका, अक्का. झकास लिहितो.”

पेटीतला तयार कागद काढला. माथा होता, शेपूट होतं. मध्ये मी लिहिलं की अर्जदाराला आपल्या बहिणीच्या मुलीचा ताबा मिळावा. ‘गेट’चं पहिलं पान, पहिला अर्थ. अंगठा घेतला. पाचेक मिनिटंही लागली नसतील. वाचून दाखवला नाही. त्यांनी मागितलंही नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

सुनावणीच्या दिवशी मी दाराशी उभा होतो. साहेब इंग्रजी वाचत आणि शिरस्तेदार, म्हणजे कचेरीचे मुख्य कारकून, ते मराठीत सांगत. शिरस्तेदारांनी विचारलं, “बाई, हा अर्ज तुमचाच ना?”

“मन्हाच शे. आंगठा बी मन्हाच शे.”

शिरस्तेदार सांगू लागले: “अर्जदार अत्यंत गरीब, निराधार, दोन वेळच्या अन्नास महाग...”

“कोन?” सोनाबाई म्हणाल्या.

“तुम्ही.”

“मी? आनि मन्हा दोन म्हशी कोठे ग्यात? तुम्हना चहामा रोज मन्हंच दूध ऱ्हास ना, रावसाहेब?”

कचेरीत हशा पिकला. शिरस्तेदारही हसले, कारण ते खरंच होतं. मलाही हसू आलं, ते मी लपवलं. मग चुलत्याचे वकील उठले. ते मात्र हसत नव्हते.

“साहेब, हा अर्ज खरा धरला, तर ही बाई स्वतःच सांगते की आपल्याला खायला मिळत नाही. ती मुलीला काय घालणार? आणि बाई आता बोलली ते खरं धरलं, तर तिनं खोट्या कागदावर अंगठा उठवून साहेबांना फसवलं. अशा बाईकडे मुलगी ठेवायची का, हे साहेबांनीच ठरवावं.”

हसणं थांबलं. सोनाबाईंना एकदम काही कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, “ते मी सांगं नही. भाऊनी लिखं.” आणि त्यांनी दाराकडे, माझ्याकडे बोट केलं.

साहेबांनी मला आत बोलावलं. कागदाचा तळ दाखवून इंग्रजीतच विचारलं की हा मजकूर या बाईला वाचून दाखवला होता का. प्रश्न सोपा होता. ‘नाही’ म्हणालो असतो तर अर्जाचा दोष माझ्यावर आला असता, सोनाबाई मोकळ्या झाल्या असत्या आणि परवाना गेला असता. घरी तीन मुलं होती. वडील अंथरुणाला खिळलेले होते. हे सगळं मी त्या क्षणी मनात आणलं असं म्हणालो तर तेही खोटं होईल. मी काहीच मनात आणलं नाही. इतक्या वर्षांत तळाची ती ओळ इतक्यांदा लिहिली होती की तीच तोंडातून बाहेर आली.

“होय साहेब. वाचून दाखवला. समजावून सांगितला.”

सोनाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. एखादा ओळखीचा माणूस बाजारात दुसऱ्याच नावानं हाक मारतो तेव्हा आपण बघतो, तसं.

“भाऊ?” एवढंच त्या म्हणाल्या.

यमुना चुलत्याकडे गेली. चार दिवसांनी चुलता बैलगाडी घेऊन आला. चहाच्या दुकानासमोरून गाडी गेली तेव्हा पोरीनं सवयीनं पाटीवरची अक्षरं वाचायला तोंड उघडलं होतं, मग मिटलं. मी निंबाखालून पाहिलं.

त्यानंतर सोनाबाई दुकानात दूध घालून परस्पर जात, निंबाकडे बघत नसत. महिन्याभरानं मीच त्यांच्या घरी गेलो. सकाळची वेळ होती, त्या गोठ्यात शेण भरत होत्या. मी म्हणालो, “अक्का, आपण दुसरा अर्ज करू. मी लिहितो, काही घेणार नाही.”

त्यांनी शेणाची पाटी भरून बाजूला ठेवली. मग हात धुऊन समोर येऊन बसल्या. “लिखा. पन आते मी सांगसू तसंच लिखा.”

मी कोरा कागद काढला, माथा आणि शेपूट नसलेला. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. मी पहाटे उठते. म्हशी पिळते. उजाडायच्या आत दूध घरोघर पोचतं. मग पोरीला उठवते, वेणी घालून तयार करते, शाळेत पोचवते. तिला गोवर आला तेव्हा डॉक्टरला घरी आणलं, ती बरी झाली. दुसरीच्या पुस्तकातले धडे तिला पाठ झाले. नवरा गेला त्याला बारा वर्षं झाली, कुणाच्या दारात न जाता दिवस काढले. घर माझं आहे. म्हशी माझ्या आहेत. मी म्हातारी होईन तेव्हा पोर मोठी झालेली असेल.

उठणे, पोचणे, तयार करणे, आणणे, बरे होणे, दिवस काढणे, म्हातारे होणे, मोठे होणे. लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आलं की हे सगळं नानांच्या वहीत आहे. एका पानावर ते क्रियापद चौदा वेळा आलं आणि मागण्याच्या अर्थानं फक्त शेवटी, एकदा. इतका चांगला अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. नाना तोवर गेले होते, नाहीतर मी धुळ्याला जाऊन त्यांना दाखवला असता.

मग सोनाबाई म्हणाल्या, “आनि एक ओळ लिखा. पयला अर्जमा जे गरिबीनं व्हतं ते मी सांगं नव्हतं, आनि मले कोनी वाची दखाडं नव्हतं.”

माझा टाक थांबला.

“लिखं का?”

“लिहितो,” मी म्हणालो, आणि कागदावर टाक हलवला. दौतीत बुडवून न घेतलेला. 

“आते वाचा. बठ्ठं वाचा.”

मी वाचलं. एकेक वाक्य इंग्रजीत, मग त्यांच्या भाषेत. सगळं मनापासून वाचलं. आणि शेवटी कागदावर नसलेली ती ओळही तशीच वाचली, पहिल्यांदा इंग्रजीत, मग मराठीत, सोनाबाईंकडे न बघता. पहिल्या अर्जाच्या वेळी मी वाचून न दाखवल्याचं पाप केलं होतं. दुसऱ्या वेळी वाचून दाखवल्याचं केलं.

त्यांनी अंगठा उमटवला. मला ताक दिलं, म्हणाल्या, “भाऊ, मन्हं मन हलकं व्हयनं.”

तो अर्ज महिन्याभरात परत आला. शेरा असा होता की याच अर्जदाराचा आधीचा अर्ज आणि हा अर्ज यांत मेळ नाही, त्याचा खुलासाही केलेला नाही, सबब विचार करता येत नाही. खुलासा ज्या ओळीत होता ती माझ्या तोंडात राहिली होती.

मी त्यांना ‘नामंजूर’ एवढंच सांगितलं. त्यांनी कागद हातात घेऊन पाहिला, त्यांना अक्षर येत नव्हतं.

“साहेबले ती ओळ दिसनी नही का, भाऊ?”

“दिसली असेल,” मी म्हणालो.

दोन वर्षांनी यमुनाचं लग्न एदलाबादकडे कुठेतरी झालं. सोनाबाई जाऊन आल्या असं चहावाल्यानं सांगितलं. पुढे मी ते दुकान टाळू लागलो. तयार कागद करून ठेवणं मात्र मी दुसरा अर्ज परत आला त्याच आठवड्यात सोडलं होतं. लोक म्हणू लागले, निंबखालचे भाऊ आता म्हातारे झाले, एका अर्जाला अर्धा तास लावतात, आणि लिहून झालं की वाचत काय बसतात. गिऱ्हाईक कमी झालं. मला ते बरं वाटायचं, म्हणजे दंड भरल्यासारखं. पण खरा दंड काय होता ते मला ठाऊक होतं, आणि परवाना मी दरसाल नवा करून घेतच होतो.

नंतर रस्ता रुंद करताना तो निंब तोडला. मी पेटी उचलून पोस्टाच्या ओसरीत नेली. चष्मा लागला, मिशा पांढऱ्या झाल्या, ‘भाऊ’चा ‘आबा’ झालो. आता मराठी अर्जालाही जागा मिळू लागली आहे. निळी वही पेटीच्या तळाशी असते.

गेल्या उन्हाळ्यात ओसरीत एक बाई आली. वय पंचविशीच्या आतबाहेर, बरोबर कोणी नाही. गावी मुलींची शाळा बंद पडायला आली होती, ती चालू ठेवावी म्हणून बायकांच्या सह्यांचा अर्ज करायचा होता.

“मराठीतच लिहा, आबा. आणि गरीब-बिरीब काही लिहू नका,” ती बसतानाच म्हणाली. “आम्ही काही गरीब नाही. केळीच्या बागा आहेत.”

मी म्हणालो, “मी तसं लिहीत नाही.”

“लिहितात लोक. माझी मावशी सांगायची. इथंच कुठं तरी निंबाखाली एक माणूस बसायचा म्हणे. त्याच्याकडून काही लिहून घ्यायचं नाही, अशी तिनं मला शपथच घातली होती. आज येऊन बघते तर निंबच नाही.” ती हसली. “माणूस बी गेला असंल.”

माझ्या हातात टाक होता. मी विचारलं, “मावशी कुठं असतात?”

“ती गेली, दोन वर्षं झाली. शेवटी माझ्याकडेच होती. म्हशी घेऊन आली होती.” मग म्हणाली, “तिच्या मनात एकच राहिलं होतं. म्हणायची, साहेबानं ती ओळ वाचली तरी मला खोटी कशी ठरवली?”

मी अर्ज लिहिला. लिहून झाल्यावर नेहमीप्रमाणे वाचायला कागद डोळ्यांसमोर धरला, तर तिनं हात पुढे केला.

“द्या इकडं. मीच वाचते. मावशीनं तीन वर्षं शाळेत घातलं होतं मला.”

ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, तिनं सगळा अर्ज वाचला. चहाच्या दुकानाची पाटी ती अशीच वाचत असे. एके ठिकाणी थांबून म्हणाली, “इथं काना राहिला.” मी दिला. तिनं सही केली, घडी घातली, “येते आबा” म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. मी तिला हाक मारली नाही. तोंड उघडलं होतं, मग मिटलं.

तेव्हापासून मी एवढाच विचार करतो आहे की ती ओळ कुठे लिहावी. साहेब बदलले, ती फाइल केव्हाच जाळली गेली असेल. सोनाबाई नाहीत. पण यमुनाबाईंना वाचता येतं, आणि या मासिकाचा अंक फैजपुरात, एदलाबादेत कुणाकुणाच्या घरी जातो, हे मला माहीत आहे. म्हणून इथे लिहितो. या वेळी दौतीत टाक बुडवला आहे.

पहिल्या अर्जात जे गरिबीचं होतं ते सोनाबाईंनी सांगितलं नव्हतं, ते माझं होतं, आणि त्यांना ते कोणी वाचून दाखवलं नव्हतं. दुसऱ्या अर्जात ही ओळ नव्हतीच. साहेबांनी ती वाचली नाही, कारण मी ती लिहिली नव्हती.

यमुनाबाई, बोट धरून वाचा. काना-मात्रा काही राहिलं असेल तर भरून घ्या.